उपाशी वाढणारं गवत : प्रस्तावना

परभणीत कुणाच्या घरी काचेच्या टाकीत, अगदी पुढच्या भागात, बोटभर उंचीचं हिरवं गवत दाट पसरलेलं दिसलं की पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "खत काय टाकता?" प्रश्न वावगा नाही. १९७२ साली इथे कृषी विद्यापीठ आलं, त्याच्या किती तरी आधीपासून जिल्हा कापूस आणि ज्वारीवर जगत आला आहे. हिरवं दिसलं की खताची चौकशी व्हायचीच. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं आम्ही छाती फुगवून म्हणतो, तेव्हा निम्मी छाती या काळ्या जमिनीच्या जिवावर फुगलेली असते. पण ही पुस्तिका ज्या गवताबद्दल आहे, त्याच्या बाबतीत खताच्या प्रश्नाला उत्तर एकच : काहीही नाही. नव्या शौकिनाच्या हाताला ते उत्तर पटायला एक अख्खा हंगाम जातो. तोवर टाकीत दोन-तीन कप गवत सडून गेलेलं असतं.

त्याला गवत म्हणायचं ते दिसण्यावरून. नाव युट्रिक्युलॅरिया ग्रॅमिनिफोलिया. टाक्या लावणाऱ्यांच्या बोलण्यात नुसतं 'यूजी'. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टिन व्हाल यांनी १८०४ साली त्याला हे नाव दिलं. भारत, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, चीन इथल्या ओलसर, दलदलीच्या जागी ते वाढतं. आपल्याकडे कासच्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात जांभळ्या फुलांचा जो गालिचा लोक पाहायला जातात, त्यातली सीतेची आसवं याच कुळातली, याच वंशातली. म्हणजे परदेशी वाटणाऱ्या या झाडाचं भावंड मराठी माणसाने फोटोत पाहिलेलं असतं, फक्त टाकीत ते नातं ओळखलेलं नसतं. भारतात या वंशाच्या तीसहून अधिक जाती आहेत. त्यांचा नीट हिशेब ए. एन. हेन्री आणि गोवा विद्यापीठाचे एम. के. जनार्थनम यांनी १९९२ साली 'ब्लॅडरवर्ट्स ऑफ इंडिया' या ग्रंथात मांडला. पुढे २००० साली कोल्हापूरचे एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या एका नव्या जातीला जनार्थनम यांचंच नाव दिलं. या वनस्पतींचा अभ्यास करणारी माणसं अशी आपल्या शेजारची आहेत, हे टाकीवाल्यांना बहुधा ठाऊक नसतं. त्यांना ठाऊक असतात ते जपानचे ताकाशी अमानो. दगड, वाळू आणि एकाच जातीची हिरवळ एवढ्यावर उभी राहणारी मोकळी मांडणी त्यांच्या छायाचित्रांमुळे जगभर गेली आणि पुढच्या भागात अंथरायला बारीक पानांच्या वनस्पतींची शोधाशोध सुरू झाली. यूजी टाकीत आलं ते त्या लाटेत.

या झाडाला मुळं नाहीत. खरंखुरं पान म्हणावं असंही त्याच्याकडे फारसं काही नाही. सरपटत जाणारे केसासारखे धागे, त्यांतून वर आलेली पात्यासारखी हिरवी अंगं, आणि त्याच धाग्यांवर चिकटलेल्या बारीक पारदर्शक पिशव्या. एवढाच संसार. पिशवी जेमतेम मिलिमीटरभराची. भिंग लावून पाहिली तर मसुरीच्या डाळीसारखी फुगीर, एका टोकाला दार आणि दाराशी दोन-चार केस. सगळी करामत त्या दारात आहे. पिशवीच्या भिंतीतल्या ग्रंथी आतलं पाणी सतत बाहेर उपसत राहतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, भिंती आत ओढल्या जातात, पिशवी चिपाडासारखी चपटी होऊन ताणलेल्या अवस्थेत थांबते. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव दारावरच्या केसाला लागला की दार आतल्या बाजूला कोसळतं, भिंती झटक्यात बाहेर येतात आणि पाणी त्या जिवासकट आत खेचलं जातं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०११ साली अतिवेगवान कॅमेऱ्यांनी हा प्रकार टिपला. खेचण्याचं काम एका मिलिसेकंदाच्याही आत उरकतं आणि आत जाणाऱ्या पाण्याला मिळणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सहाशे पटींपर्यंत जातं. नंतर पंधरा मिनिटं ते अर्धा तास पुन्हा पाणी उपसायचं आणि सापळा लावायचा. कुणी शिवलं नाही तरी या पिशव्या अधूनमधून आपणहून उडतात. का, याबद्दल मतं वेगवेगळी आहेत.

हे सगळं डोळ्यांना दिसत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मांसाहारी वनस्पती म्हटल्यावर पोरं टाकीच्या काचेला नाक लावून बसतात आणि दहा मिनिटांत कंटाळून उठतात. खुद्द चार्ल्स डार्विनला दार कसं चालतं ते उलगडलं नव्हतं. १८७५ साली 'इन्सेक्टिव्होरस प्लॅन्ट्स' या पुस्तकात त्याने असं धरलं, की किडाच डोकं खुपसून दार ढकलतो आणि आत अडकतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मेरी ट्रीट या बाई त्याच काळात घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास हीच पिशवी पाहत होत्या. त्यांचं म्हणणं होतं, की दार स्वतः काम करतं, किडा आत ओढला जातो. डार्विनशी त्यांचा पत्रव्यवहार होता. बाईंचं निरीक्षण खरं ठरलं.

पण किडे पकडतं म्हणजे हे झाड किड्यांवर जगतं, ही समजूत चुकीची आहे, आणि टाकीतले बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. जेवण ते इतर झाडांसारखंच करतं : उजेड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. पिशवीत जिरवलेल्या जिवातून ते घेतं ते नायट्रोजन आणि फॉस्फरस. शेतकऱ्याच्या भाषेत युरिया आणि सुपर फॉस्फेट. मांस हे त्याचं खत आहे. ज्या जमिनीत खत मिळायची शक्यताच नव्हती तिथे या झाडाने खताची सोय स्वतः उभी केली, आणि मुळं सोडून दिली. पाण्यात फॉस्फरस मुबलक मिळू लागला की या वंशाच्या वनस्पती पिशव्या करणं कमी करतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पिशवी उभारायला खर्च येतो, आणि फुकट मिळत असताना तो कोण करील? तेव्हा 'खत काय टाकता' या प्रश्नाचा रोख चुकतो तो इथे. खत टाकणारा माणूस त्या झाडाची सगळी हुशारी बिनकामाची करतो, वर शेवाळाला आमंत्रण देतो. शेवाळ ते खत यूजीपेक्षा कितीतरी वेगाने खातं.

खत न मिळणारी जमीन कशी असते, ते कासला जाऊन पाहावं. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे पठार जांभ्या दगडाचं आहे, वर मातीचा थर जेमतेम. पावसाळाभर कोसळणारं पाणी त्या थरातलं चुना, पोटॅश, मॅग्नेशियम जे जे विरघळेल ते धुऊन नेतं. उरतं लोखंड आणि ॲल्युमिनियम, आणि किंचित आंबट, जवळजवळ कोरं पाणी. सीतेची आसवं त्या कोऱ्या पाण्यात फुलतात. आता गंमत अशी, की कासचा जांभा आणि परभणीची काळी माती यांचा बाप एकच आहे : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर ओतला गेलेला लाव्हा, त्याचाच बसाल्ट. घाटमाथ्यावर पावसाने त्याला धुऊन धुऊन कंगाल केलं. इकडे पर्जन्यछायेत पाऊस सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. त्यामुळे दगडातून सुटलेला चुना जागच्या जागी राहिला, मातीत चुनखडीच्या गोट्या झाल्या, आणि ओलं झालं की फुगणारी, वाळलं की भेगाळणारी, अन्नद्रव्यं घट्ट धरून ठेवणारी काळी जमीन तयार झाली. कापसाला, ज्वारीला, सोयाबीनला जे वरदान, तेच यूजीला विष. आमच्या जिल्ह्यात हे गवत लावायचं म्हणजे आमच्याच जमिनीचा गुण टाकीबाहेर ठेवायचा. पुस्तिकेतल्या सगळ्या प्रकरणांचं काम एवढं एकच आहे.

सुरुवात पाण्यापासून. इथल्या बोअरच्या पाण्याचं जडपण मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. गीझरची कॉइल, कूलरच्या गवती जाळ्या आणि चहाचं पातेलं पाहिलं तरी पांढरा थर दिसतो. तो थर म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट म्हणून विरघळलेला चुना. हेच बायकार्बोनेट शेतात असतं तेव्हा मोसंबी आणि भुईमूग पिवळे पडतात. मातीत लोह असतं, पण झाडाला ते घेता येत नाही. त्यावर फवारणी कशाची करायची हे विद्यापीठाच्या कुठल्याही शेतकरी मेळाव्यात सांगतात. टाकीत मात्र फवारणी चालत नाही. तिथे पाणीच बदलावं लागतं. बोअरच्या पाण्यात लावलेलं यूजी आठ-पंधरा दिवस बरं दिसतं, मग पात्यांची टोकं काचेसारखी होतात आणि हिरवळ विरघळू लागते. आमच्या भाषेत मेल्ट होते. नवशिक्या घाबरून खताच्या दोन गोळ्या रोवतो. पुढे काय होतं ते सांगायची गरज नाही.

वाळूचंही तसंच. गंगाखेडच्या बाजूची गोदावरीची वाळू आम्हाला हक्काची वाटते (भाव हक्काचा राहिलेला नाही, तो भाग वेगळा), पण तिच्यात शिंपल्यांचे तुकडे आणि चुनखडीचे कण असतात. मूठभर वाळू वाटीत घेऊन तिच्यावर संडास धुवायच्या ॲसिडचे दोन थेंब टाकावेत. फसफसली तर ती बांधकामाला उत्तम, टाकीला नको. शेतातली काळी माती वाळूखाली घालण्याचा सल्ला देणारे जाणकार गावोगाव आहेत. त्या मातीवर वॅलिस्नेरिया किंवा क्रिप्टोकोरीन चांगली वाढेलही, पण यूजीसाठी तो सल्ला ऐकू नये. शिवाय एकदा ती माती पाण्यात उठली की महिनाभर टाकीत चहाच दिसतो. बाजारात टाकीसाठी भाजलेल्या मातीचे दाणे मिळतात, 'सॉइल' म्हणून. ते पाणी मऊ करतात, थोडं आंबट करतात, म्हणून उपयोगी. पण नव्या सॉइलमधून पहिले काही आठवडे अमोनिया सुटतो. तीन-चार आठवडे पाणी बदलत ते मुरू द्यावं आणि मगच यूजी लावावं. कोकोपीट वापरायचं तर आधी अनेक पाण्यांतून धुवावं, कारण नारळाच्या काथ्यात मीठ आणि पोटॅश भरपूर असतं.

मग पाणी आणायचं कुठून? गल्लोगल्ली वीस लिटरचे जार घेऊन फिरणाऱ्या गाड्या आहेत, त्यांतलं आरओचं पाणी चालतं. मात्र विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने एकदा मोजून घ्यावं, कारण जारवाल्याच्या यंत्राचा पडदा कधी बदलला आहे हे त्यालाही आठवत नसतं. दोन फुटी टाकीत साठ लिटरच्या आसपास पाणी बसतं. आठवड्याला एक तृतीयांश बदलायचं म्हटलं तर एक जार पुरतो. या आकड्यावर कुणी भुवया उंचावल्या तर त्यांचं चूक नाही. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आणि त्या वर्षी हौसेच्या टाकीत आरओचं पाणी ओतणं मनाला टोचल्याशिवाय राहत नव्हतं. घरातलं आरओ यंत्र एक लिटर गोड पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, हेही लक्षात ठेवावं. ते पाणी फरशीला, टाकीतून काढलेलं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला. एवढं केलं तरच या छंदाला आमच्याकडे तोंड दाखवायला जागा राहते.

सगळ्यांत चांगलं पाणी मात्र फुकटचं आहे आणि ते आम्ही वाया घालवतो. पावसाचं पाणी कासच्या पाण्याइतकंच कोरं असतं. दहा चौरस मीटरच्या छपरावर दहा मिलिमीटरची एक सर पडली की शंभर लिटर पाणी होतं. सिमेंटच्या स्लॅबवरून आणि सिमेंटच्या हौदातून ते घेतलं तर वाटेत चुना उचलतं, म्हणून पत्र्याचं छप्पर बरं. मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींचं धुळकट पाणी सोडून द्यायचं, मग प्लास्टिकच्या काळ्या ड्रममध्ये भरायचं, तोंडाला कापड बांधायचं. ड्रम अंधारात राहिला तर शेवाळ धरत नाही. दोनशे लिटरचे चार ड्रम भरले तर साठ लिटरच्या टाकीचं, जेमतेम का होईना, पुढच्या पावसापर्यंत भागतं. ज्या पत्र्याच्या घरांना स्लॅबवाले नाकं मुरडतात, त्यांच्याकडे यूजीसाठी उत्तम पाणी असतं याचा मला मनापासून आनंद आहे.

पाण्यानंतरचा शत्रू उन्हाळा. यूजीला अठरा ते पंचवीस अंश सेल्सिअस मानवतं, अठ्ठावीसपर्यंत ते तक्रार करत नाही, तिशीपलीकडे खचतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. पाणी तापलं की त्यात कार्बन डायऑक्साइड कमी विरघळतो, झाडाचं श्वसन वाढतं, आणि मिळकतीपेक्षा खर्च जास्त अशी अवस्था होते. पुण्या-मुंबईची पुस्तकं इथे चिलर घ्यायला सांगतात. आम्हाला त्याआधी एक स्वस्त सोय आहे. इथली उन्हाळी हवा कोरडी असते. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा रोखलेला संगणकाचा छोटा पंखा बाष्पीभवनाने टाकी चार-पाच अंश खाली आणतो. मुंबईच्या दमट हवेत त्याच पंख्याने जेमतेम दोन अंश उतरतील. पण ज्या खोलीत कूलर चालू आहे आणि खिडक्या बंद आहेत, तिथे हवा आधीच ओली झालेली असते. तिथे पंखा नुसता फिरतो. उडालेलं पाणी, दिवसाला दोन लिटरच्या आसपास, पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यानेच भरून काढायचं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि बोअरच्या पाण्याने भर घातली तर जूनपर्यंत टाकीत पुन्हा बोअरच तयार होतो. एप्रिल-मे मध्ये दिव्याचे तास कमी करावेत, कापणी करू नये, नवीन लावू नये. त्या दोन महिन्यांत गवत जगलं तरी पुष्कळ झालं.

यावरून लावायची वेळ आपोआप ठरते. कासवर सीतेची आसवं खरिपात फुलतात. परभणीच्या टाकीत मात्र यूजी हे रब्बीचं पीक आहे. दिवाळी उरकली, रात्री गार पडू लागल्या, रानात ज्वारी-हरभऱ्याची पेरणी झाली की टाकीत लावणी करावी. आमच्या हिवाळ्यात पारा एक आकडी होतो. बंद खोलीतल्या टाकीचं पाणी सोळा-अठराच्या खाली सहसा जात नाही आणि तेवढी थंडी या गवताला सोसते. हिटरची गरज माशांना लागली तरच. नोव्हेंबरात रोवलेले झुबके होळीपर्यंत एकमेकांना भिडतात. जूनमध्ये उत्साहाच्या भरात लावलेल्या टाक्या दमट उकाड्यात आणि लाइटच्या जाण्या-येण्यात हातच्या जातात, हे इथल्या पुष्कळांनी पाहिलं आहे.

लावण्याच्या पद्धतीवर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. टिश्यू कल्चरच्या कपातली जेल कोमट पाण्याने पूर्ण धुवायची, कारण ती साखर आणि खताची असते. नखाएवढे झुबके करून चिमट्याने खोल रोवायचे. मुळं नसल्यामुळे वरवर लावलेलं सगळं दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगताना सापडतं. धीर असेल त्यांनी ड्राय स्टार्ट करावा : टाकीत पाणी न भरता फक्त सॉइल ओलं ठेवायचं, वर प्लास्टिक ताणायचं, आणि धागे सगळीकडे पसरेपर्यंत दीड-दोन महिने थांबायचं. पाणी भरल्यावर हवेतली जाड पाती जातात आणि पाण्यातली पातळ, पोपटी पाती येतात. ते मेल्ट आणि खरं मेल्ट यांतला फरक छायाचित्रांनी दाखवला आहे. गादी जाड झाली की खालचा थर अंधारात कुजतो आणि एक दिवस अख्खा गालिचा उचलून वर येतो, म्हणून कापणीत कंजूषपणा नको.

माशांची काळजी करणाऱ्यांसाठी दोन ओळी. यूजीच्या पिशवीत जातात ते पॅरामेशियम, रोटिफर, सूक्ष्म गोलकृमी. पिशव्यांत शेवाळाच्या पेशी आणि परागकणही सापडतात, म्हणजे हा मांसाहारी पुरता कट्टरही नाही. कोळंबीचं नुकतं जन्मलेलं पिल्लू त्या दारापेक्षा मोठं असतं. तळ्यात मोकळ्या तरंगणाऱ्या, मोठ्या पिशव्यांच्या जातींची गोष्ट वेगळी. युट्रिक्युलॅरिया ऑरियासारख्या जाती डासांच्या अळ्या पकडतात, आणि मत्स्यबीज वाढवणाऱ्यांना अशा जाती तळ्यात नको असतात, कारण अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लूही त्यांच्या पिशवीत अडकू शकतं. यूजीला मुद्दाम काही खाऊ घालायचं नाही. टाकी जुनी झाली की तळात सूक्ष्म जीव आपोआप होतात. माशांना मात्र मोजून खाऊ घालावा, कारण उरलेला दाणा शेवटी खतच होतो.

आणि एक विनंती, जी विनंतीपेक्षा थोडी कडक समजावी. हे गवत सह्याद्रीतून उपटून आणू नये. कास २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ते राखीव वन आहे, तिथलं फूल तोडणंही गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आणलेलं जगत नाही. कासच्या बहुतेक जाती वर्षायू आहेत, दाणे टाकून मरणाऱ्या. टाकीच्या पाण्याखाली त्या फार दिवस तग धरत नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेला कप पुण्या-मुंबईहून कुरिअरने येतो, त्यात गोगलगायीची अंडी नसतात आणि शेवाळही नसतं. उन्हाळ्यात मागवू नये, डबा शिजून येतो. फुलं पाहायची हौस असेल तर त्याच कपातला एक झुबका स्फॅग्नम मॉसच्या बशीत, पावसाच्या पाण्यात, पूर्वेच्या खिडकीत ठेवावा. पाण्याखाली हे गवत फुलत नाही, बशीत फुलू शकतं.

पहिलं प्रकरण पाणी मोजण्याचं आहे. घरात टीडीएस मीटर नसेल तर आधी ते आणावं, नळाचं, बोअरचं, जारचं आणि पावसाचं असे चार आकडे एका कागदावर लिहावेत, आणि मग पुढचं पान उलटावं.